वाचकांचे प्रश्न : सामाईक ॲनिमल हाऊस

प्रश्न : कोल्हापुरातल्या आमच्या महाविद्यालयात तीन विभाग एकच ॲनिमल हाऊस (प्रयोगाचे प्राणी ठेवायची जागा) वापरतात. पावसाळ्यात उंदरांची पैदास घसरते. माद्या गाभण राहत नाहीत, राहिल्या तर पिल्लं खातात. खाद्य तेच आहे. काय तपासावं?
– एक संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आधी खोल्या बघा. पैदाशीच्याच खोलीत इंजेक्शन, रक्त काढणं, शस्त्रक्रिया चालत असेल तर बाकी काही सुधारून उपयोग नाही. समागमानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत मादीला अनोळखी नराच्या मुताचा वास लागला, तर गर्भ रुजतच नाही. म्हणून दुसऱ्या विभागाचा नर त्या मांडणीवर नको, आणि नराचा पिंजरा हाताळलेले हातमोजे बदलल्याशिवाय मादीला हात नको. जोडी लावताना मादी नराच्या पिंजऱ्यात सोडावी, नर मादीकडे नेऊ नये.

आता पावसाळा. आर्द्रता ४० ते ६० टक्के, तापमान २० ते २६ अंश हवं. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टला नुसत्या एसीवर हे साधत नाही, हवेतली ओल काढणारा डीह्युमिडिफायर लागतोच. तूस किंवा मक्याच्या कणसाचा चुरा अंथरत असाल तर तो ऑटोक्लेव्हनंतर (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केल्यावर) पूर्ण वाळवा. ओल्या अंथरुणात अमोनिया वाढतो आणि श्वसनमार्ग सोलवटतो. खाद्याची पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवा. बुरशी दिसली की अख्खं पोतं टाकून द्या, वरवर निवडून वापरू नका.

खाल्लेली पिल्लं पुष्कळदा आधीच मेलेली असतात, त्यामुळे मादीला दोष देण्याआधी पिल्लं का मेली ते शोधा. गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा. विण्याआधी दोन दिवसांपासून नंतरच्या पाच दिवसांपर्यंत पिंजरा बदलू नका, घरट्यासाठी सात-आठ ग्रॅम टिश्यू पेपर द्या. जनरेटर भिंतीला लागून असेल तर हलवा; आपल्याला ऐकू न येणारा उच्च आवाजही उंदरांना त्रास देतो.

आणि मागणी उलटी मोजा, विभागांमधली बहुतेक भांडणं इथेच मिटतात. समजा, आठ आठवड्यांच्या ३० माद्या हव्यात. एका वितीतून (एका वेळच्या बाळंतपणातून) जगलेली सहा पिल्लं धरली तर माद्या तीन, म्हणजे दहा विती. सगळ्या जोड्या फळत नाहीत, म्हणून चौदा-पंधरा लावा, तेही बारा आठवडे आधी. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या नैतिक समितीने मंजूर केलेल्या संख्येपलीकडे एकही पिल्लू वाढवू नये, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर उंदीर थंड पडून मरतात. का?

उत्तर : एवढ्याशा देहाची उष्णता भुलेत झपाट्याने जाते. भूल देतानाच खाली ३७ अंशांचा गरम पॅड ठेवा, डोळ्यांना मलम लावा. नंतर तुसावर न टाकता टिश्यू पेपरवर ठेवा, नाहीतर तूस नाकात जातं. स्वतःच्या पायावर चालू लागल्यावरच पिंजऱ्यात परत सोडा.