एव्ही डिले जुळवताना ए वेव्हचं शेपूट बघ

पेसमेकरचा एव्ही डिले, म्हणजे कर्णिकेच्या (हृदयाचा वरचा कप्पा) आणि जवनिकेच्या (खालचा कप्पा) ठोक्यातलं अंतर, इकोवर (हृदयाची सोनोग्राफी) जुळवायला बसशील तेव्हा आधी ईसीजीची रेघ स्क्रीनवर स्वच्छ दिसू दे. पल्स्ड डॉप्लरचा सॅम्पल, म्हणजे रक्ताचा वेग मोजायची जागा, मायट्रल झडपेच्या (डाव्या कर्णिका-जवनिकेमधली) टोकांशी ठेव. डिले मुद्दाम लांब ठेवून सुरुवात कर आणि २०-२० मिलिसेकंदांनी कमी करत जा. ए वेव्हचं, म्हणजे कर्णिका आकुंचन पावून रक्त ढकलते त्या लाटेचं, शेपूट कापल्यासारखं दिसलं की थांब. डावी कर्णिका अजून रक्त ढकलतेय आणि झडप मिटली, असा त्याचा अर्थ. मग १०-१० ने वाढव. ए वेव्ह पुन्हा पूर्ण उमटली की तोच आकडा. ई (जवनिका सैल पडून भरतानाची आधीची लाट) आणि ए एकमेकींत मिसळत असतील तर डिले फार लांब आहे.

प्रत्येक बदलानंतर काही ठोके जाऊ दे, मगच मोज. इथे घाई हमखास नडते! सेन्स्ड (कर्णिकेचा ठोका स्वतःचा) आणि पेस्ड (तो पेसमेकरने दिलेला) डिले वेगवेगळे तपास, पेस्ड जास्त लागतो. सीआरटीमध्ये (दोन्ही जवनिकांना ताळमेळाने ठोके देणारा पेसमेकर) डिले इतका लांबवू नकोस की हृदयाचं स्वतःचं वहन पेसिंगच्या आधी पोहोचेल; ईसीजीतल्या क्यूआरएसवर (जवनिकांच्या ठोक्याची खूण) लक्ष असू दे.

सरसकट सगळ्यांना हे करायची गरज नाही. २०१० च्या स्मार्ट-एव्ही अभ्यासात सीआरटीच्या रुग्णांमध्ये ठरावीक १२० मिलिसेकंदांच्या डिलेपेक्षा इकोचा जास्त फायदा दिसला नव्हता. पण सीआरटी बसवूनही ज्याचा दम कमी होत नाही, त्याच्यासाठी सवडीने बस.