डॉट चमकतोय, पण एनर्जी डायकडे जातच नाही

प्रश्न: प्रोजेक्टसाठी हिरवा क्वांटम डॉट (उजेड पडला की चमकणारा अर्धवाहकाचा नॅनोकण) घेतला, वर पॉलिमरचं कोटिंग आहे, त्यावर अँटिबॉडी, आणि टार्गेट प्रोटीनला लाल डाय (चमकणारा रंग) लावलाय. प्रोटीन अँटिबॉडीला चिकटतंय हे वेगळ्या टेस्टमध्ये दिसलं, पण डॉटचा उजेड कमी होत नाही आणि डायही उजळत नाही. डाय बदलू का? की डायला डोनर (एनर्जी देणारा) करून डॉटला घेणारा, म्हणजे अ‍ॅक्सेप्टर करू?

उत्तर: डाय बदलायच्या आधी अंतर मोजा, माझा पहिला संशय तिथेच आहे. फ्रेटमध्ये, म्हणजे एका चमकणाऱ्या कणाकडून जवळच्या दुसऱ्याकडे उजेड न सोडता थेट एनर्जी जाते त्यात, ती किती जाते ते अंतराच्या सहाव्या घातावर ठरतं, म्हणजे समजा तुमच्या जोडीसाठी निम्मी एनर्जी जायचं अंतर 6 नॅनोमीटर आहे, तर 9 वर जेमतेम 8 टक्के जाते आणि 12 वर दीड टक्का, म्हणजे काहीच नाही. आणि हे अंतर डॉटच्या मध्यापासून धरायचं, पृष्ठभागापासून नाही, हे बरेच जण विसरतात. त्यात डॉटची त्रिज्या, त्याचं शेल (बाहेरचं कवच), पॉलिमर आणि वर अँटिबॉडी, जी एकटीच 10 नॅनोमीटरच्या आसपास असते. मग एनर्जी पोचणार कशी?

2003 मध्ये माल्टोज ओळखणारा डॉटचा सेन्सर आला, त्यात साखर पकडणारं छोटं प्रोटीन हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या शेपटीने थेट डॉटवर बसवलं होतं, मध्ये जाड काही नाही. प्रोटीनच्या खिशात आधी डाय लावलेली नकली साखर, तेव्हा डॉट मंद, खरं माल्टोज आलं की ती बाहेर आणि डॉट परत उजळतो. मला अजूनही ही रचना फार सुंदर वाटते. तुम्हीपण पातळ कोटिंग आणि अँटिबॉडीचा छोटा तुकडा वापरून बघा. शिवाय एका डॉटभोवती जास्त डाय बसवा, 9 नॅनोमीटरवर 5 डाय असले तर 8 टक्क्यांऐवजी 30 टक्के एनर्जी जाते.

उलटं मात्र करू नका. डॉट जवळपास सगळाच निळा-जांभळा उजेड शोषतो, त्यामुळे डायला पेटवायला गेलात की डॉट स्वतःच पेटतो आणि मिळालेली एनर्जी दिसतच नाही. डॉटच अ‍ॅक्सेप्टर हवा असेल तर डोनर टर्बियम या धातूचा घ्या, तो मिलिसेकंदभर चमकतो, थेट पेटलेले डॉट तोपर्यंत कधीच विझलेले असतात, मग थोडं थांबून मोजायचं.

आणि उद्या डॉट मंद झाला तरी लगेच फ्रेट म्हणू नका, पीएच किंवा क्षारांनीही तो मंदावतो. डाय नसलेलं तेच प्रोटीन घालून बघा, आणि जमलं तर डॉटचा लाइफटाइम (पेटल्यावर किती वेळ चमकतो ते) घ्या, तो डायमुळे कमी झाला पाहिजे.