क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या (विश्रांतीनेही न जाणाऱ्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्याच्या आजाराच्या) संशोधनावर रुग्ण एवढे नाराज का असतात?

ही नाराजी संशोधनावर नाही, रुग्णांचे न ऐकता केलेल्या संशोधनावर आहे. २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ६४१ रुग्णांवरील ‘पेस’ ही ब्रिटिश चाचणी प्रसिद्ध झाली आणि हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम व समुपदेशन यांनी आजार सुधारतो, असे तिच्या आधारे सांगितले जाऊ लागले. रुग्णांनी मात्र बारकाईने वाचून दाखवून दिले की, शारीरिक क्षमतेचे ६५ किंवा त्याहून कमी गुण असलेल्यांना आजारी म्हणून चाचणीत घेतले होते आणि ‘बरे’ ठरवताना त्या बाबतीत ६० गुण पुरेसे मानले होते; म्हणजे क्षमता घटूनही रुग्ण त्या निकषावर ‘बरा’ ठरू शकत होता. एका ऑस्ट्रेलियन रुग्णाने माहिती अधिकाराखाली चिकाटीने लढा दिल्यावर २०१६ मध्ये मूळ आकडेवारी खुली झाली, आणि २०२१ मध्ये उपचार कसे करावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने तो व्यायामोपचार आपल्या मार्गदर्शक सूचनांतून वगळला. हे श्रेय मला प्रामुख्याने रुग्णांचेच वाटते.

कोल्हापुरात माझ्या धाकट्या बहिणीला “रोज रंकाळ्याला एक फेरी मार, अंग मोकळं होईल,” असा सल्ला मिळाला होता. तिने तो मनापासून पाळला. चौथ्या दिवसानंतर तिला वेणी घालायलाही हात वर करता येईना, आणि पुढचे दोन आठवडे ती पडदे ओढून अंथरुणातच होती. श्रमानंतर उशिरा येणारी ही घसरण हेच या आजाराचे मुख्य लक्षण आहे. या घसरणीला आळस म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.