आजीचा ल आणि फोनमधला ल

प्रिय सोनू,

आजीच्या पत्रातला ‘ल’ आणि माझ्या मेसेजमधला ‘ल’ निराळा दिसतो, मग दोघींपैकी चुकतंय कोण, असं तू विचारलंस. चुकत कोणीच नाही. पण तुला हे दिसलं याचा मला फार आनंद झाला, कारण मोठ्या माणसांच्याही ते लक्षात येत नाही.

आजीचा ल नीट बघ. वरच्या रेघेतून एक आखूड देठ खाली उतरतो आणि दोन्ही अंगांना एकेक पाकळी वळते. म्हणून तो पाकळीचा ल. फोनमधल्या ल ला उजवीकडे ग किंवा म सारखा उभा दंड असतो. ते हिंदीचं वळण. श चंही तसंच आहे, मराठीतला श देठाचा. (आम्ही शाळेत त्याला शेंडीफोड्या श म्हणायचो आणि ष ला पोटफोड्या. तूही म्हण, म्हणजे दोघांची गल्लत होणार नाही.) तुझ्या गोष्टीच्या पुस्तकातला इंग्रजी ए आणि तू वहीत काढतेस तो गोल ए एकच ना? तसंच हे.

फोन अक्षराचं चित्र साठवत नाही, क्रमांक साठवतो. सगळ्या भाषांच्या अक्षरांना क्रमांक देणारी यूनिकोड नावाची यादी आहे, तिच्यात ल चा क्रमांक २३५४ आणि श चा २३५८. भाषा मराठी असो, हिंदी असो की नेपाळी, क्रमांक तेच. चित्र काढतो तो फाँट, आणि पुष्कळ फाँट हिंदीचं वळण धरून चालतात. काहींमध्ये मात्र दोन्ही चित्रं असतात. मजकूर मराठी आहे असं त्यांना कळलं की ते पाकळीचा ल काढतात.

आता गंमत ऐक. पूर्वी अ, झ आणि ण हीसुद्धा दोन-दोन तऱ्हांनी छापली जायची. उत्तरेकडच्या जुन्या पुस्तकातला ण तू ‘रा’ म्हणून वाचला असतास! मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासारख्या ठिकाणी सुबक देवनागरी खिळे (म्हणजे छपाईची धातूची अक्षरं) ओतले जात, त्यांचं वळण वेगळं होतं. हिंदीची प्रमाण वर्णमाला १९६६ मध्ये ठरली, तेव्हा तिनं अ, झ, ण ही मुंबईच्या वळणाची घेतली. म्हणजे आज दिल्लीतलं मूल ण काढतं तो आपल्याकडचा. ल आणि श मात्र आपापल्या घरीच राहिले. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श नेमून दिले.

म्हणून फोनवर जो दिसेल तो ल बिनधास्त वाच. हिंदी शिकणाऱ्या तुझ्या मैत्रिणीनं दंडाचा काढला तर तिला खोडायला लावू नकोस, तिच्या भाषेत तोच बरोबर. पण तुझ्या मराठीच्या वहीत पाकळीचाच काढ. मला ते मनापासून हवंय. इथे इतक्या लांब आपल्या हाताचं वळण आपणच जपायचं, दुसरं कोण जपणार?

आधी डावी पाकळी, मग उजवी, मग देठ आणि शेवटी वरची रेघ. एक ओळ काढून आजीला फोटो पाठव. श पुढच्या पत्रात शिकवते. आणि श्री लिहिताना तो तिसरंच रूप घेतो, तेही तेव्हाच सांगते.

तुझी,
आई