ब्लिंक-१८२ चा २००३ चा अल्बम लोक एवढा डोक्यावर का घेतात? मला तो अर्धाच आवडला

तुम्ही लिहिलंय की ब्लिंक-१८२ या तिघांच्या अमेरिकन बँडचा १९९९ चा अल्बम ‘एनिमा ऑफ द स्टेट’ तुम्हाला तोंडपाठ आहे, आणि त्याच बँडचा म्हणून हा २००३ चा लावला तर कुठे कुणी बाई पत्र वाचतेय, कुठे पियानो वाजतोय, मध्येच पुन्हा जुनं धडाधड गाणं. तुमच्या कानांचं काही चुकलेलं नाही. माझा हा लाडका अल्बम आहे, तरी तो एकसंध आहे असं मी म्हणणार नाही.

माझी ओळख तर याहून विचित्र झाली. २००४ साली पुण्यात हॉस्टेलवर एका मित्राने एमपीथ्रीची सीडी हातात ठेवली. माझा प्लेअर गाणी लावायचा एबीसीडीप्रमाणे. त्यामुळे माझा अल्बम सुरू व्हायचा ‘ऑल ऑफ धिस’ने. संथ, उदास गाणं, आणि सुरुवातीला गाणारा आवाज बँडमधल्या कुणाचाच नाही! मला वाटलं, पठ्ठ्याने भलतीच सीडी दिली. सगळ्यात शेवटी यायचं ‘व्हायोलन्स’, ज्याच्या शेपटाला ते पत्र जोडलेलं होतं. म्हणजे माझ्यापुरता अल्बम त्या बाईच्या आवाजावर संपायचा. कित्येक महिने मी त्याला ‘काय सुंदर शेवट’ म्हणत होतो. खरं तर ते पुढच्या ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ची प्रस्तावना आहे.

ते पत्र खरं आहे. बँडचा बास वाजवणारा मार्क हॉपस, त्याच्या आजोबांनी दुसऱ्या महायुद्धात आजीला लिहिलेल्या पत्रांतलं. वाचलंय जोअ‍ॅन व्हॉली या अभिनेत्रीने. आता विचार करा, याच तिघांनी या अल्बमच्या चार वर्षं आधी एका व्हिडिओत लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून नागडं धावून दाखवलं होतं. पॉप पंक म्हणजे तोवर हेच: तीन-चार कॉर्ड, वेग, गुणगुणता येईल असं धृवपद आणि शाळकरी चावटपणा. २००१ चा अल्बमही त्याच चालीवरचा.

मग मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे तिघेही बाप झाले. ड्रमर ट्रॅव्हिस बार्करचा मुलगा तर अल्बम यायच्या महिनाभर आधी जन्मला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गिटार वाजवणारा टॉम डीलाँग आणि ट्रॅव्हिस यांनी २००२ मध्ये ‘बॉक्स कार रेसर’ नावाने वेगळा अल्बम काढला. जास्त काळोखा, जास्त जड. मार्कला त्यात एका गाण्यापुरतं पाहुणा म्हणून बोलावलं. तिघांच्या बँडमधले दोघे शेजारी जाऊन चूल मांडतात तेव्हा तिसऱ्याला काय वाटेल, ते सांगायला नको.

म्हणजे २००३ च्या जानेवारीत सॅन डिएगोजवळ भाड्याच्या घरात हे लोक रेकॉर्डिंगला बसले तेव्हा ‘आपण बदलायचं’ यावर एकमत होतं, पण कुठल्या दिशेने यावर नव्हतं. असं मला ऐकताना वाटतं. तुम्हाला दिसणारे दोन अर्धे मला तिथेच सापडतात. पहिलंच गाणं घ्या. ‘फीलिंग धिस’ची कडवी टॉमची, धृवपद मार्कचं, आणि दोघांनी ते वेगवेगळ्या खोल्यांत बसून लिहिलं. कडव्यात नुसती वासना, धृवपदात हळवेपणा. शेवटी दोन्ही आवाज एकमेकांवर चढतात आणि मग वाद्यं थांबून नुसते गळे उरतात. इथे फाटाफूट गाण्याच्या कामी आली. पुढे प्रत्येक वेळी तसं होत नाही.

माझं मत असं की ज्या गाण्यात त्यांनी काहीतरी काढून टाकलं तिथे प्रयोग जमला, आणि जिथे वरून काही चिकटवलं तिथे फसला. ‘आय मिस यू’ हेडफोन लावून ऐका. इलेक्ट्रिक गिटार नाहीच. मार्ककडे उभा, लाकडी बास. आणि ट्रॅव्हिस, जो एरवी ड्रमचा पिट्टा पाडतो, तो इथे काठ्या ठेवून ब्रश घेतो. कुणी शेजारी अंगण झाडतंय असा तो आवाज येत राहतो, कुठेही न वाढता. टॉमचं ते नाकातलं, शब्द वाकडे करणारं गाणं (त्याच्या ‘हेड’चा ‘येड’ होतो, त्यावर लोक अजून चेष्टा करतात) याच शांततेमुळे चालून जातं. हे गाणं अमेरिकेत रॉक रेडिओच्या यादीत पहिलं आलं.

याउलट ‘अस्थेनिया’. सुरुवातीला अंतराळयानातल्यासारखी रेडिओची कुजबुज. मी प्रत्येक वेळी कान टवकारतो. आणि मग सुरू होतं काय, तर २००१ च्या अल्बममध्ये बसलं असतं असं गाणं. वाईट नाही, पण दारावर तोरण नवं आणि घर तेच. ‘हिअर्स युअर लेटर’चं तेच. ‘द फॉलन इंटरल्यूड’ म्हणजे ट्रॅव्हिसला मोकळं सोडलेली दोन मिनिटं. ड्रम शिकणाऱ्यांना मेजवानी, बाकीच्यांनी चहा टाकून यावा. ‘गो’ मात्र दोन मिनिटांच्या आत संपतं, जुन्या वेगात, पण विषय आईला होणारी मारहाण. तिथे एकही नवं वाद्य नाही आणि तरी मला ते अल्बममधलं सगळ्यात मोठं पाऊल वाटतं.

‘ऑल ऑफ धिस’बद्दल माझं मत दोनदा बदललंय. त्यात सुरुवातीला येणारा तो परका आवाज द क्युअर या इंग्लिश बँडच्या रॉबर्ट स्मिथचा. ज्यांची गाणी ऐकत ही पोरं वाढली, तो माणूस आपल्या गाण्यावर गायला तयार झाला, ही केवढी गोष्ट! पण तो गायला लागला की यजमान आपल्याच घरात सतरंजीच्या कडेला बसल्यासारखे वाटतात.

अल्बमला नावच दिलेलं नाही, हेही मला यातलंच वाटतं. नाव ठेवायचं तर तो कशाबद्दल आहे ते एकदा तिघांना ठरवावं लागलं असतं.

आणि हो, ठरलंच नाही. २००५ च्या फेब्रुवारीत बँड थांबला. २००६ मध्ये टॉमच्या ‘एंजल्स अँड एअरवेव्ह्ज’चा अल्बम आला, सगळा आकाशाएवढा आणि गुंजणारा, मार्क आणि ट्रॅव्हिसच्या ‘प्लस फॉर्टी-फोर’चा आला, आटोपशीर आणि कडवट. ते दोन्ही लागोपाठ ऐकले की २००३ च्या अल्बममधला कुठला सांधा कुणाचा होता ते जवळजवळ बोट ठेवून दाखवता येतं. त्या आधी ते दोन्ही सूर एकाच खोलीत कोंडायचं काम निर्माता जेरी फिनने केलं होतं. तो २००८ मध्ये गेला. पुढच्या वर्षी तिघे पुन्हा एकत्र आले.

तुम्हाला कुठला अर्धा आवडला ते लिहिलेलं नाही. जड आणि अंधारा आवडला असेल तर आधी ‘बॉक्स कार रेसर’ ऐका आणि मग इथे परत या. ‘आय मिस यू’ आणि ‘ऑलवेज’ आवडली असतील, तर ब्लिंक बाजूला ठेवून थेट द क्युअरची ऐंशीच्या दशकातली गाणी लावा. आणि काहीच सुधरलं नाही, तर एकदा एबीसीडीप्रमाणे लावून बघा. पत्रावर संपलेला अल्बम मला अजूनही जास्त बरा वाटतो.