सतराव्या वर्षी चाकू चालवला आणि तीन वर्षांत सुटला, मग जरब कोणाला?

तुम्ही विचारलंय की अल्पवयीन मुलांना शिक्षा देताना सुधारणेचा विचार करायचा की इतरांना बसणाऱ्या जरबेचा, आणि तीन वर्षांत सुटका होत असेल तर भीती कसली? मी सोलापुरात फौजदारी वकिली करतो, बाल न्याय मंडळापुढे मुलांच्या बाजूनं उभा राहतो. तेव्हा माझं झुकतं माप कुठे आहे ते धरूनच वाचा.

'तीन वर्षांत सुटतो' हे अर्धंच खरं. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर 2015 चा बाल न्याय कायदा आला. 16 ते 18 वयाच्या मुलानं किमान सात वर्षं शिक्षेचा, म्हणजे अतिगंभीर गुन्हा केला, तर मंडळ त्याची समज आणि परिस्थिती तपासून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. तिथे सज्ञानासारखा खटला चालू शकतो. खून यात बसतो. खुनाचा प्रयत्न बसत नाही, कारण त्याला किमान शिक्षाच ठरलेली नाही. असे गुन्हे अतिगंभीर धरायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलं. उलट वर्गातल्या मुलीबरोबर पळून गेलेला सतरा वर्षांचा पोरगा, शरीरसंबंध आले असतील तर, पोक्सोमुळे (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) थेट अतिगंभीरमध्ये जातो. आता सांगा, जरब नेमकी कुठे बसली?

माझं मत असं की या वयात शिक्षेच्या लांबीनं भीती बसत नाही, लगेच काहीतरी घडण्यानं बसते. चाकू घेऊन रील टाकणारं पोरगं कलमं चाळत नसतं. त्याला दिसतं ते एवढंच, की गल्लीतल्या मोठ्या दादानं पुढे घातलं, रिमांड होमला चार दिवस काढले आणि परत चौकात आलो. चौकशी चार महिन्यांत संपवावी असं कायदा म्हणतो. ती रेंगाळली की मुलगा मिसरूड फुटून मंडळापुढे येतो आणि तेव्हाचा आदेश त्याच्या डोक्यात त्या गुन्ह्याशी जुळतच नाही. आणि तो मोठा दादा? मुलांना गुन्ह्यात वापरणाऱ्या सज्ञानाला कलम 83 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. हे कलम लावलेलं मी क्वचित पाहिलंय. जरब हवीच असेल तर तिथून सुरुवात करा.

सुधारणा म्हणजे समज देऊन सोडणं, हाही गैरसमजच. कलम 18 मध्ये समाजसेवा आहे, व्यसनमुक्ती आहे, ठरावीक ठिकाणी जायला बंदी आहे, परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याची देखरेख आहे. घोडं अडतं ते माणसांपाशी. 'पालकांच्या हमीवर' सोडायचं, आणि बाप रात्रपाळीला यंत्रमागावर, आई दिवसभर विड्या वळतेय. लक्ष ठेवणार कोण? पुण्याच्या पोर्शे प्रकरणात 300 शब्दांच्या निबंधावर लोक भडकले ते रास्तच होतं, पण तो जामिनाच्या अटींचा भाग होता, शिक्षा नव्हे.

आणि शिक्का मारण्याबद्दल सोलापूरकरांना कोणी शिकवायला नको. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती. माणसांनी गिरणीत राबायचं आणि पुन्हा कुंपणात हजेरी द्यायची, का तर जन्मानं गुन्हेगार. सरकारच्या लेखी तीही सुधारणाच होती! कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी 'चोरी झाली की संशय आधी आमच्याकडे येतो', ही तक्रार त्या वस्तीतून आजही ऐकू येते. बाल न्याय कायद्याचं कलम 24 मुलाची नोंद नष्ट करायला सांगतं ते म्हणूनच मला पटतं. (सज्ञान समजून दोषी ठरवलेल्याला ही सवलत नाही.)

खुनासारख्या प्रकरणात मी मवाळ नाही. मेलेल्याची आईसुद्धा त्याच कोर्टात बसलेली असते. तिथे मला 21 व्या वर्षीचा टप्पा शहाणपणाचा वाटतो. सज्ञान म्हणून दोषी ठरलेला मुलगा तोवर 'सुरक्षित ठिकाणी', म्हणजे तुरुंगाऐवजी वेगळ्या संस्थेत, राहतो, मग बाल न्यायालय त्याच्यात बदल झाला का ते पाहतं. झाला असेल तर देखरेखीखाली सोडतं, नसेल तर उरलेली शिक्षा तुरुंगात. फक्त त्या वेळी पुढे येणारा अहवाल पोराला वर्षानुवर्षं पाहिलेल्या माणसानं लिहिलेला हवा, आदल्या आठवड्यात फाईल हातात पडलेल्यानं नव्हे.