टुंड्रात, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या थंड, झाडं नसलेल्या प्रदेशात, वर्षाला जेमतेम 150 ते 250 मिमी पाऊस-बर्फ पडतो, मग उन्हाळ्यात तिथे दलदल कशी?

मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पडला होता, म्हणून हा आकडा आपल्याला फारच किरकोळ वाटतो. पण प्रश्न पाणी किती पडतं याचा नाहीच, ते जातं कुठे याचा आहे.

आमच्या दादरच्या चाळीत गच्चीची पन्हळ पाल्याने बुजली की साध्या सरीनेही घोटाभर पाणी साचतं. टुंड्रात तेच होतं. खालची जमीन बारमाही गोठलेली, उन्हाळ्यात वरचा थर तेवढा वितळतो, कुठे वीतभर तर कुठे मीटरभर. पाणी खाली मुरत नाही आणि थंडीमुळे वाफ होऊनही फारसं उडत नाही. पालापाचोळा नीट कुजत नाही, त्याचा काळपट, चिखलट थर साठत जातो.

झाडं नसण्याचा दोष मात्र सगळे गोठलेल्या जमिनीला देतात, ते मला पटत नाही. सायबेरियात याकुत्स्कच्या आसपास तशाच जमिनीवर लार्च या सूचिपर्णी झाडांची जंगलं उभी आहेत! खरी अडचण उन्हाळ्याच्या उबेची. सर्वात उबदार महिन्याचं सरासरी तापमान साधारण 10 अंशांखाली राहिलं की झाड उभं राहत नाही. टुंड्रातला खुजा विलो बोटभर उंचीचा, जमिनीला चिकटून वाढतो.